खर्ऱ्याच्या पन्नीतली मेणाची वडी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण माझ्या पोटात माणसाच्या गालाचा तुकडा आहे. झालं मुरडून? आता ऐका. मी मेणाची वडी आहे, तीन वर्षांची. वडीच्या मानानं हे वय बरंच म्हणायचं. आकारानं खोडरबराएवढी. पाठीला पिवळ्या प्लास्टिकची जाळीदार चौकट आणि तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, ४१७. मधोमध तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, फिकट तपकिरी ठिपका दिसतो ना, तोच तो तुकडा. तो एकोडीच्या कुंताबाईचा. मी आणि तो तुकडा आता इतके एकजीव झालो आहोत की मी स्वतःला अर्धी कुंताबाईच समजते. म्हणून तर मी जरा जास्त बोलते!

कुंताबाई म्हणजे काय चीज आहे, ते आधी सांगायला हवं. घरी धानाची शेती. परसात वांगी, टमाटर, वालाच्या शेंगा. हा भाजीपाला ती सानगडीच्या बाजारात नेऊन विकते. तिनं एकदा "ताजे वांगेऽऽ" म्हणून हाक दिली की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची गिऱ्हाइकं वळून बघतात. नवरा भैय्यालाल शांत माणूस. तो म्हणतो, "आमच्या घरी दोघांचं बोलणं एकटी कुंताच बोलते." मुलगा कमलेश शेती बघतो. सून रिता गावची आशाताई आहे.

पण कुंताबाईला एक खोड होती. खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा, खसाखसा घासायचा आणि गालात दाबून ठेवायचा. सकाळी एक, दुपारी एक आणि बाजाराच्या दिवशी किती, ते विचारूच नका. तीन वर्षांपूर्वी तिला तिखट रस्सा झोंबायला लागला. रितानं टॉर्च लावून बघितलं तर डाव्या गालाच्या आत पांढरा डाग.

"आई, हे चांगलं नाई," रिता म्हणाली. "भंडाऱ्याले चला."

"कायले? चुन्यानं भाजलं असंन," कुंताबाई म्हणाली. पण रितानं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी सासूला एसटीत बसवून ती भंडाऱ्याला घेऊन गेली.

तिथं डॉक्टर कापगते मॅडमनी तो डाग काढला आणि लॅबमध्ये पाठवला. लॅबमध्ये चंद्रकुमार नावाचे तंत्रज्ञ आहेत. माझे जन्मदाते म्हणा ना! त्यांनी तुकड्यातलं सगळं पाणी काढून घेतलं, त्याच्यावर वितळलेलं मेण ओतलं आणि मला थंड केलं. मग यंत्रावर चढवून माझ्या चकत्या काढल्या. चकत्या म्हणजे काकडीच्या नव्हेत बरं! तुमच्या केसाच्या जाडीत अशा दहा-पंधरा तरी मावतील. चकत्यांची ती तलम पट्टी कोमट पाण्यावर तरंगली, तिथून काचेवर आली, गुलाबी-जांभळ्या रंगात न्हाली. चंद्रकुमार म्हणाले, "वा! काय बसली आहे वडी! एक सुरकुती नाही." मी फुलून गेले. वडीचं आयुष्य ते केवढं, पण त्या दिवशी मला वाटलं, आपण जन्माला आलो ते बरं झालं.

निकाल बरा आला. कर्करोग नाही, पण पेशी थोड्या वाकड्या चालीच्या आहेत. मॅडमनी बजावलं, "खर्रा आजपासून बंद. दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं." कुंताबाईनं मान हलवली. मग ती थेट चंद्रकुमारांच्या टेबलाशी आली.

"माहा तुकडा मले वापस द्या."

"बाई, वडी लॅबमध्येच ठेवतात. पुढं कधी लागली तर?"

"लागली तं मी आणून देईन. आपल्या अंगाचा तुकडा परक्याच्या कपाटात कायले ठेवू?"

तिच्यापुढं कोणाचं चालतं? चंद्रकुमारांनी कागदावर अंगठा घेतला, मला तिच्या हातावर ठेवलं आणि दहा वेळा सांगितलं, "ऊन नको, चूल नको. मेण आहे, वितळेल. थंड जागी ठेवा."

आता घरातली थंड जागा कोणती? कमलेश म्हणाला, "फ्रीजमंदी ठेव." कुंताबाई उसळलीच. "दूध-दह्याजवळ माणसाचं मास ठेवू काय रे? बुद्धी गेली काय तुही?" मग तिनं स्वतःच जागा शोधली. स्वयंपाकघराच्या मागं त्यांची ढोली आहे, म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली धानाची कोठी. बाहेर अंगाची लाही होत असली तरी धानाच्या पोटात गारवा असतो. हे तिचं बरोबरच होतं. पण कागद सादळेल, कापड उंदीर कुरतडतील, म्हणून तिनं मला कशात गुंडाळावं? खर्ऱ्याच्या रिकाम्या पन्नीत! वर रबर लावलं आणि कोपरभर हात घालून मला धानात रोवलं. ज्या खर्ऱ्यामुळं मी जन्मले, त्याच्याच पन्नीत माझा मुक्काम. मला काय राग आला म्हणून सांगू!

पहिल्या वर्षी ती दर हंगामाला मला बाहेर काढी, पुसून बघी आणि नव्या धानात पुन्हा रोवी. तेव्हा खर्राही सुटला होता. मग तीन महिन्यांची फेरी सहा महिन्यांवर गेली, सहाची वर्षावर गेली. बाजाराच्या गर्दीत एखादा खर्रा पुन्हा सुरू झाला. मलाही ती विसरली. मित्रांनो, अंधाराचं मला काही वाटत नव्हतं. आपल्याला कोणी विचारत नाही, याचं मात्र फार वाईट वाटे.

यंदा धान लोंबीवर आलं आणि त्याच जागी गाल पुन्हा खरखरीत झाला. रितानं सासूला पुन्हा भंडाऱ्याला नेलं. मॅडमनी नवा तुकडा काढला. त्याची नवी वडी झाली, माझी धाकटी बहीण, नंबर ९०२. पण तिचा निकाल नीट लागेना. मॅडम म्हणाल्या, "पेशी वाढताना दिसताहेत. पण खर्ऱ्यानं गाल सोलवटला असेल, तर तो भरून निघतानाही पेशी वाढतात. हे भरणं आहे की बिघडणं, हेच मला ठरवायचं आहे. बिघडणं असेल तर लवकर ऑपरेशन करावं लागेल."

"ऑपरेशन?" कुंताबाई घाबरली. "मंग माहं तोंड उघडन काय? मले बोलता येईन काय?"

"आता लहान आहे, तोवर केलं तर येईल. वाढलं तर मी शब्द देऊ शकत नाही."

"धान कापल्यावर पाहू ना मॅडम. महिन्या-दीड महिन्याची तं गोष्ट आहे."

मग मॅडमनी तिला एका नव्या तपासणीची माहिती दिली. ती तुम्हीही ऐका, फार मजेची आहे. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. तो प्रथिनांभोवती गुंडाळून ठेवलेला असतो. त्या सगळ्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. या गुंडाळीवर आणखीही काही प्रथिनं येऊन बसतात. कुठला भाग उघडायचा, कुठला मिटायचा, धाग्याची नक्कल कधी काढायची, अशी कामं ती करतात. त्यातलं एक एमसीएम-दोन. पेशीला आपल्यासारखीच दुसरी पेशी करायची असली की हे आधीच धाग्यावर जाऊन बसतं. काम संपलं की उतरतं. चांगल्या गालात नव्या पेशी फक्त तळाच्या थरात होतात, म्हणून हे प्रथिन तळाशीच सापडतं. पेशी बिघडल्या की ते वरच्या थरांतही दिसायला लागतं. कर्करोगाची चाहूल अशा प्रथिनांवरून आधीच लागेल का, याचा अभ्यास आता ठिकठिकाणी चालू आहे. हे एकटं निकाल देत नाही, असंही मॅडमनी सांगितलं. पण मनात शंका असेल तेव्हा ते मोठी साक्ष देतं.

"आणि तुमचा गाल तीन वर्षांपूर्वी कसा होता, हे समोर असलं तर फरक लगेच कळेल," मॅडम म्हणाल्या. "तो जुना डाग मी पूर्ण काढला होता. आता तो फक्त त्या वडीत आहे. ती आहे ना?"

"आहे तं! जिवापाड जपली आहे," कुंताबाई म्हणाली. वर्षभर तिनं माझं तोंडही बघितलं नव्हतं!

चार दिवसांनी सकाळी मॅडमचा फोन आला. रंगवण्यासाठी काचा उद्या अकरा वाजता नागपूरला जाणार होत्या, पुढची खेप दीड महिन्यानं होती. वडी उद्या सकाळी लॅबमध्ये हवी होती. कुंताबाई ढोलीशी गेली, वाकून हात घातला, तर हाताला एक दाणाही लागेना.

"अवो माय! धान कुठी गेलं?"

"ते तं हे सकाळीच मिलवर घेऊन गेले," रिता म्हणाली. "नवं धान येईन म्हणून ढोली खाली केली."

कुंताबाई मटकन खाली बसली. भैय्यालालनं कमलेशला फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. घंटी वाजत राहिली. मिलच्या धडधडाटात फोन कोणाला ऐकू येणार?

"उठा आई," रितानं स्कूटीची किल्ली घेतली. "बसा मागं."

इकडं माझी काय दशा झाली होती! कमलेशनं फावड्यानं धान पोत्यात भरलं, त्यात मीही. ट्रॅक्टरवरून साकोली रस्त्यावरची राइस मिल. तिथं पोतं खड्ड्यात उलटं झालं आणि पट्ट्यावरच्या डब्यांनी मला धानासकट उचललं. वर, वर, आणखी वर! तिथून मी आदळले ते थरथरणाऱ्या चाळणीवर. दाणे खाली गळले. काड्या, ढेकळं, सुतळ्या आणि मी, आम्ही पुढं ढकलले गेलो आणि कचऱ्याच्या ढिगात पडलो. मला वाटलं, सुटले बाई! मग बाजूला बघितलं. हा कचरा भुशाबरोबर बॉयलरच्या भट्टीत घालत होते.

मित्रांनो, मेणाला भट्टी म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. भट्टीवर गोमाजी नावाचा माणूस होता. फावडं ढिगात खुपसायचं, उचलायचं, आत फेकायचं. एक फावडं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यात मी होते. लाल जाळ समोर दिसत होता, माझी एक कड मऊ पडली. आणि गोमाजीचा हात थांबला.

त्याला खर्ऱ्याची पन्नी दिसली होती. तीही रबर लावलेली, भरलेली!

"कोनाचा तरी अख्खा खर्रा पडला दिसते!" असं म्हणत त्यानं मला अलगद उचललं, मुठीत दाबून बघितलं, खूश झाला. पन्नीला धानाची धूळ इतकी बसली होती की आतलं काही दिसत नव्हतं. त्यानं रबर काढायला पन्नी दातांत धरली.

"टाक ते खालीऽऽ!"

धडधडत्या चाळण्या, घरघरता पट्टा, धापा टाकणारा बॉयलर, या सगळ्यांच्या वरून तो आवाज आला. सानगडीचा अख्खा बाजार ज्या आवाजानं वळून बघतो, तोच! गोमाजी जागच्या जागी थिजला. दारातून कुंताबाई पदर खोचून धावत येत होती, मागं रिता, तिच्या मागं "काय झालं? काय झालं?" करत कमलेश.

"तोंडात टाकशीन तं याद राख! तो खर्रा नोहे, माहा गाल होय!"

गोमाजीनं पन्नी अशी झटकली की मी हवेतच गेले. रितानं मला ओढणीत झेललं. कुंताबाईनं पन्नी उघडली, मला तळहातावर घेतलं, फुंकर घालून धूळ उडवली आणि मिलच्या दारात बसून ढसाढसा रडली. गोमाजीला आधी काही उमगेना. रितानं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं खिशातला स्वतःचा खर्रा काढला, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि भट्टीत टाकला. नंतर त्यानं दुसरा घेतला की नाही, ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजताच आम्ही लॅबमध्ये. चंद्रकुमार ओरडले, "अरे, ४१७! ये, ये!" माझी अवस्था बघून मात्र त्यांचा चेहरा पडला. एक कड दबलेली, अंगावर धानाची तुसं चिकटलेली. त्यांनी पात्यानं तुसं काढली, मला बर्फावर बसवलं आणि मान हलवून म्हणाले, "तुकडा थोडा उरला आहे. चकत्या फाटल्या तर पुन्हा मिळायच्या नाहीत."

पहिली चकती फाटली. दुसरीही फाटली. रिता नखं कुरतडत उभी होती. मी बर्फावर पडल्या पडल्या स्वतःला म्हटलं, अगं, तुझी कधी सुरकुती पडली नव्हती, आज काहून हातपाय गाळतेस? तिसरी चकती सरळ आली! चौथी, पाचवी, सहावी... अकराला पाच मिनिटं असताना माझ्या आणि ९०२ च्या काचा एकाच पेटीत बसून नागपूरला निघाल्या.

आठ दिवसांनी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र टीव्हीच्या पडद्यावर लावलं. आधी माझी काच. निळसर पेशींचे थर आणि फक्त तळाच्या ओळीत तपकिरी ठिपके.

"हे तुमचं प्रथिन. तीन वर्षांपूर्वी तळाशी होतं," मॅडम म्हणाल्या. मग ९०२ ची काच आली. तपकिरी ठिपके तळाशी, मध्ये, वर, अगदी वरच्या कडेपर्यंत.

समजावून सांगायची गरजच नव्हती.

"वरपर्यंत आलं," कुंताबाई हळूच म्हणाली. इतका हळू आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "हे गाल भरून येणं नाई ना मॅडम?"

"नाही वाटत. बाकीच्या तपासण्याही मी पुन्हा बघितल्या. कापणीपर्यंत थांबू नका."

कुंताबाईनं भैय्यालालकडं बघितलं. तो एरवी दोन शब्द बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. "धान कापाले आमी आहोत ना वो. तू दवाखान्यात चाल."

ऑपरेशन झालं. गालाचा रुपयाएवढा भाग काढून तपासला. त्याच्या मधोमध कर्करोग नुकताच सुरू झाला होता. कडा मात्र चहूबाजूंनी स्वच्छ, म्हणजे रोग सगळा निघाला! रोग आधी जिथं पसरतो, त्या मानेच्या गाठीही काढून तपासल्या, त्याही स्वच्छ! चंद्रकुमारांनी ते दोनदा तपासून घेतलं आणि मग चहा मागवून साऱ्या लॅबला पाजला. मी कपाटातून बघत होते. माझ्या पोटात आनंद मावेना.

मग पंधरा-वीस दिवस कुंताबाई गप्प होती. नाकात नळी, गालात टाके. रिता सांगत होती, घर इतकं शांत कधीच नव्हतं, बाबांना करमेनासं झालं. महिन्याभरानं ती तपासणीला आली. मॅडम म्हणाल्या, "आ करा. आता आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. तीन बोटं मावली की तोंड बरोबर उघडतं." कुंताबाईचं एक बोट आत गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला तिनं डोळे मिटून घेतले, गाल ताणला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिसरंही आत गेलं! रितानं टाळ्या वाजवल्या.

जाताना चंद्रकुमारांनी मला पुढं केलं. "बाई, तुमचा तुकडा. घेऊन जाता?"

"नोको, बापा!" कुंताबाई म्हणाली. शब्द जरा जड येत होते, पण बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "इथीच ठेवा तिले. अन् तिच्या बहिणीले तिच्या बाजूले ठेवा."

तेव्हापासून आम्ही दोघी एका खणात राहतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी वडी कोणी जपून ठेवली असेल, तर ती लॅबला परत नेऊन द्यायला सांगा. आणि आज घरातल्या मोठ्या माणसांना एकदा उजेडात उभं करून म्हणा, आ करा. ते हसतील, कदाचित रागावतीलही. तरी गालाच्या आत बघाच. पांढरं, लाल, खरखरीत काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं घेऊन जा. माझ्या पोटात आता चार-सहा चकत्यांपुरताच गाल उरला आहे. उद्या कोणी याहून नेमकं प्रथिन शोधून काढलं, तर त्याही मी हसत देईन. बाकीचा गाल कुंताबाईजवळ सुखरूप आहे.